हजारचा फर्मा

आधीच सांगून ठेवते, जाळी वाकडी नव्हती. ज्याले पटत असन त्यानं पुढं वाचावं, ज्याले पटत नसन त्यानंही वाचावं, मले काही फरक पडत नाही. अकरा वर्षं झाली मी सिमेंटच्या पाइपात घालाची लोखंडी जाळी बांधून राह्यली, आन माह्या जाळीले नावं ठेवणाऱ्या माणसाचं तोंड पाहाची मले आजही इच्छा होत नाही. त्यातला एक माणूस माह्याच घरात राह्यते, म्हणून रोज पाहा लागते.

कारखाना बालाघाटहून गोंदियाले जाणाऱ्या रोडवर, राजेगावच्या थोडा अलीकडं. कारखाना म्हणजे काय, टिनाचे दोन शेड, एक पाण्याचा हौद आन बाकी सारं मैदान. मैदानात पाइपच पाइप. नालीचे, पुलियाचे म्हणजे रोडखालच्या लहान पुलाचे, कॅनॉलचे. लोकायले वाटते पाइप म्हणजे माल ओतला, सुकला, झाला. तसं नसते. आधी आम्ही बाया सळईच्या रिंगा आन लंबे गज तारेनं बांधून पिंजऱ्यासारखी जाळी करतो. ते जाळी लोखंडाच्या गोल साच्यात जाते. साच्याले इथं फर्मा म्हणतात. दोन अर्धे भाग, बोल्टानं कसलेले. तो फर्मा चेनपुलीनं उचलून रोलरवर आडवा ठेवतात आन मोटर चालू करतात. फर्मा गरगर फिरते, खालचा व्हायब्रेटर त्याले थरथरवते, आन मिस्त्री त्याच्या तोंडातून फावड्यानं माल टाकत जाते. माल फिरून फिरून आपोआप फर्म्याच्या भिंतीले बसते, जाळी त्याच्या पोटात दबते. दुसऱ्या दिवशी फर्मा खोलला का पाइप निघते. मंग त्या पाइपावर कितीक दिवस पाणी माराचं. त्याले तराई म्हणतात.

आमच्याकडं तीनशेचे, म्हणजे तीनशे एमएम तोंडाचे, फर्मे होते, सहाशेचे होते, आन हजारचा एकच होता. हजारचा म्हणजे एवढा मोठा का माणूस आत घुसून बसू शकते. पुलियाचं काम निघालं का त्याचीच गरज पडे. लहान फर्मे गुमान फिरत. हजारचा मात्र गेल्या वर्षीपासून नाचाले लागला. रोलरवरून बोटबोट वर उडे आन धाडकन खाली बसे. शेडचे टिनं वाजत, पायाखालची जमीन हाले, बोललेलं ऐकू येत नसे. त्यातून निघालेला पाइप एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. पातळ बाजूले माहे गज उघडे दिसत. आता गज दिसले म्हणजे नाव कोणाचं निघन? जिनं गज बांधले तिचं.

सुपरवायझर वारासिवनीचा. आधी राइस मिलमध्ये होता. कोंडा आन सिमेंट यातला फरक त्याले इथं येऊन समजला, पण तोरा असा का जणू पाइप त्यानंच शोधून काढला. गज दिसला का तो थेट माह्यापाशी येई.

"ए बाई, जाली टेढ़ी है तेरी. देख, सरिया दिख रहा है."

"साहेब, सहाशेच्या फर्म्यात माही जाळी सीधी, तीनशेच्यात सीधी, आन हजारच्यात गेली का टेढी? तथी जाऊन पिऊन येते का ते?"

लोकं हासले का त्याचा जीव जळे. माह्या जोडीले जाळी बांधणारी किरनापुरकडची एक म्हातारी बाई होती, तिले मी काकी म्हणे. काकी मले चिमटा घेऊन म्हणे, "जाऊ दे वं माय, काहून तोंडी लागतं?" पण मी कशी जाऊ देऊ? माह्या रिंगा मी लोखंडी ड्रमावर वाकवते. एक रिंग दुसरीवर ठेवली तं केसाचा फरक नाही दिसाचा. मी शाळेत सातवीच्या पुढं गेली नाही, पण गोल कशाले म्हणतात ते मले त्या सुपरवायझरपेक्षा चांगलं समजते.

मंग एक दिवस हजारचे दोन पाइप एकापाठी एक खराब निघाले. त्यानं आम्हा दोघीले शेडच्या बाहेर उभं केलं आन साऱ्यायच्या समोर सांगतलं, "एक बार और फर्मा नाचा, तो जाली का काम बंद तुम लोगों का. तराई में डाल दूँगा. जाली बाहर से आदमी लाके बँधवाऊँगा."

तराई म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्याले माहीत. सकाळपासून पाण्याची नळी धरून ओल्यात उभं राहाचं. सिमेंटचं पाणी पायाच्या बोटायच्या मधात घुसते, कातडी पांढरी होते, फाटते, आन रात्रभर आग होते. नखं काळी पडून गळतात. कारखान्यात आली तेव्हा मीही दोन वर्षं तेच केलं होतं. काकीचे गुडघे तं असे का ते चार दिवस टिकली नसती. आन जाळीचं काम माहं होतं. सावलीतलं, बसून कराचं, डोकं लावून कराचं. मले कोणी विचारलं का तू काय करतं, तं मी म्हणे जाळी बांधते. ते माह्या हातून कोणी घेऊन जावं, हे मले मान्य नव्हतं. बस, एवढंच भांडण होतं.

त्याच दिवशी सुपरवायझर जाता जाता आणखी एक बोलला. "मैं क्या अपने मन से बोल रहा हूँ? तेरा आदमी खुद बोला, जाली टेढ़ी है."

माहा नवरा त्याच कारखान्यात फर्मे खोलते. खोलते म्हणजे तेव्हा खोले. त्या कामात त्याचा मोठा मान. ताजा पाइप फर्म्याले चिकटून बसते. बोल्ट काढले तरी सुटत नाही. मंग घन, म्हणजे मोठा हातोडा, मारा लागते, आन तो असा मारा लागते का फर्मा सुटावा पण पाइपाले तडा जाऊ नये. माह्या नवऱ्याचा एक वस्ताद होता, भंडाऱ्याकडचा, त्यानं याले शिकवलं होतं का तीन घन माराचे, जोडाच्या बाजूले, एकाच जाग्यावर. जागा बदलाची नाही. चौथा माराचा नाही. माहा नवरा आंघोळ विसरन, पण ते तीन घन विसरला नाही. फर्म्याले हात लावून आधी पाया पडे, मंग मारे, आन फर्मा खरंच सुटे. नवीन आलेले मिस्त्री कौतुकानं पाहात उभे राहत. मीही कधी काळी पाह्यलं आहे.

त्या संध्याकाळी मी त्याच्या गाडीवर मागं बसली. गेटातून बाहेर निघालो आन मी पुसलं, "सुपरवायझरले तुम्ही सांगतलं, जाळी वाकडी हाय म्हणून?"

"मंग काय सांगू? गज उघडे दिसतात तं जाळीचंच नाव निघन."

"तुम्ही मोजून पाह्यली का?"

"मले मोजाची गरज नाही. तुह्यापेक्षा जास्त वर्षं झाली मले तथी."

"गाडी थांबवा."

"काहून?"

"थांबवा म्हटलं ना. मी पायी येते."

थांबवली त्यानं. मी उतरली आन तो गेलाही. एकदा मागं वळून पाह्यलं नाही. त्या दिवसापासून मी कारखान्यात ऑटोनं जाऊन राह्यली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साऱ्यायनं डबे खोलले आन मी एक सळई घेऊन हजारच्या फर्म्यात घुसली. फर्मा रिकामा होता, बोल्ट कसलेले होते. सळई आत आडवी धरली, दोन्हीकडं टेकन तेवढी कापून घेतली. मंग तेच सळई उभी फिरवून पाह्यली. दोन बोटायची फट. पुन्हा आडवी केली, टेकली. पुन्हा उभी केली, फट. तीन-चार ठिकाणी पाह्यलं. फर्म्याच्या टोकाले दोन्हीकडून सारखी येई, मधातच उभी केली का फट. फर्मा गोल राह्यलाच नव्हता. बाहेर येऊन पाह्यलं तं जोडाच्या बाजूले एक जागा ताटासारखी चपटी झाली होती. घासून घासून चमकत होती. वर्षानुवर्षं दर खेपेले तीन घन, तेही एकाच जाग्यावर. लहान फर्मे कितीक, त्यायचा मार वाटला जाई; हजारचा एकच.

खोटं काहून बोलू, मले आनंद झाला. पहिला विचार हाच आला का, घ्या आता. नवऱ्याची कीव-बीव काही आली नाही. जाळीपाशी येऊन मी काकीले सांगतलं तं ते कपाळाले हात लावून म्हणे, "आता चूप राह्य. तो तुहा नवरा हाय."

"मंग मी त्याची बायको नाही का?" मी म्हटलं.

तरी मी आधी त्यालेच सांगतलं. संध्याकाळी तो अंगणात हातपाय धुवून राह्यला होता. मी म्हटलं, "फर्मा चपटला हाय. तुमच्या घनानं. तुम्ही स्वतः जाऊन सांगा, म्हणजे मले सांगा लागणार नाही."

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माह्या वस्तादाले नावं ठेवतं तू?"

"वस्तादाले नाही ठेवत. दरवेळी जागा बदलली असती तं हे झालं नसतं, एवढंच म्हणते."

"जागा बदलली तं पाइप फुटते."

"कोणी पाह्यलं फुटताना?"

"तू मले शिकवू नको. आन उद्या तोंड बंद ठेव. चार लोकायत माही इज्जत हाय."

"आन माही? मी जाऊ तराईत?"

"गेली तं मरतं का? साऱ्या बाया करतात."

साऱ्या बाया करतात. मले त्याच्या घनाचा राग नव्हता आला, सुपरवायझरपाशी नाव घेतलं त्याचा आला होता, पण या एका वाक्यानं माह्या डोक्यात जाळ झाला. ज्या वर्षी माह्या पायाची नखं गेली त्या वर्षी यानंच खोबऱ्याचं तेल लावून दिलं होतं. त्याले माहीत होतं तराई काय असते. माहीत असून बोलला.

चार-पाच दिवसायनं शेठ आला. शेठ म्हणजे मालक, गोंदियाले राह्यते, कधीमधी येते. त्याच दिवशी हजारचा फर्मा रोलरवर चढला, मोटर लागली, आन अर्धा माल पडत नाही तं नाचाले लागला. असा नाचला का मिस्त्री फावडं टाकून मागं पळाला. मोटर बंद केली. सुपरवायझर शेठच्या समोर माह्याकडं बोट दाखवून सुरू झाला, हेच बाई, हेच जाली, कितनी बार समझाया.

मी पदर खोचला आन मधात जाऊन उभी राह्यली. "शेठ, फर्मा खाली करा. जाळी काढा, माल काढा. रिकामा फिरवून दाखवा. रिकामा गुमान फिरला तं मी आजच घरी जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही."

"पागल है क्या," सुपरवायझर म्हणे. "ख़ाली फर्मा कोई घुमाता है?"

शेठनं घड्याळ पाह्यलं. "घुमाओ यार. क्या जाता है."

माल काढून फर्मा धुवाले तास गेला. कोणी जेवाले गेलं नाही. माहा नवरा घनावर हात ठेवून मागच्या खांबापाशी उभा होता. माह्याकडं पाहत नव्हता. रिकामा फर्मा रोलरवर ठेवला, मोटर लावली. हळू फिरला तेव्हा काही नाही. वेग वाढवला आन काय सांगू, माल असताना बोटभर उडे, आता वीतभर उडाला. टिनं थडथड वाजाले लागले. सुपरवायझरनं स्वतः धावत जाऊन बटन दाबलं.

शेठ म्हणे, "अब बताओ. अब इसमें कौन सी जाली है?"

आन तेवढ्यात मागून माहा नवरा बोलला. मोठ्यानं, साऱ्यायले ऐकू जाईन असं.

"तरी जाळीच वाकडी हाय, शेठ."

जाळी बाहेर जमिनीवर पडली होती. साऱ्यायच्या डोळ्यासमोर. आन हा माणूस म्हणते जाळी वाकडी हाय.

पहिले मी हासली. मले थांबवता आलं नाही. पोटातून हासू आलं, पदर तोंडात कोंबला तरी आलं. माह्या मागं मिस्त्री हासले, चेनपुलीवाला हासला, शेठ हासला, सुपरवायझर तं गुडघ्यावर हात मारून हासला, त्याची सुटका झाली होती ना. लोकं कितीतरी वेळ हासत राह्यले. नवरा तसाच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

मंग मी सळई दाखवली, फट दाखवली, चपटी जागा दाखवली. नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, फर्मे खोलणारा कारखान्यात एकच होता. फर्मा सीधा कराले बालाघाटच्या वर्कशॉपले गेला. घन दुसऱ्याच्या हाती गेला. जाळी माह्यापाशी राह्यली. आन नवऱ्याले सुपरवायझरनं कुठं टाकलं असन? तराईत. सुपरवायझर असाच माणूस होता, एकावरचा राग सरला का दुसऱ्यावर धरे. आपलं चुकलं असं मात्र त्यानं एकदाही म्हटलं नाही. "चलो, काम करो," एवढंच बोलला.

घरी बोलणं बंद. जे बोलाचं ते पोरीच्या तोंडून. पोरगी हिंदीतच बोलते, मराठी तिले जड जाते. "मम्मी, पापा बोल रहे हैं सब्ज़ी में नमक नहीं है." मी म्हणे, "पापाले सांग, मीठ डब्यात हाय, हात पापाले हाय." पोरगी डोक्याले हात लावे. मलेही वाईट वाटे, नाही असं नाही. पण झुकाचं कोणी? मी का झुकू?

आन तो काय करे, तं नळी घेऊन पाइपावर पाणी मारता मारता माह्या जाळ्यायकडून जाई, आन जाता जाता नळीचं तोंड जाळ्यायवर फिरवे. चुकून नाही. रोज. मी तयार जाळ्या शेडच्या कडेले उभ्या करून ठेवे, सकाळी पाहावं तं ओल्या, गज लाल, हात लावला का गंज बोटाले लागे. मी पोत्यानं पुसे, तारेच्या ब्रशनं घासे, त्याले ऐकू जाईन अशा शिव्या देई. सुपरवायझरले मात्र सांगतलं नाही. काहून नाही सांगतलं, ते माह्यानं आज सांगणं होत नाही. एवढं खरं का त्याच्या पायाची कातडी मी रोज पाहून राह्यली होती.

मंग एक दिवस सुपरवायझरच्या नजरेत गंज आला. त्यानं गजावरून बोट फिरवलं, बोट लाल झालं. "ये किसने गीला किया? नया लोहा है, कल का!"

नवरा पाच पावलांवर नळी धरून उभा होता. नळी चालू. जाळीच्या खाली पाण्याचं थारोळं. आंधळ्यालेही समजलं असतं. दोघं मिस्त्री एकमेकाकडं पाहून दात काढाले लागले. चेनपुलीवाला वरून वाकून पाहाले लागला. साऱ्यायची तोंडं हासाले तयार होती, फक्त सुपरवायझरनं नाव घेणं बाकी होतं.

मी म्हटलं, "माह्या हातून झालं साहेब. प्याच्या पाण्याची बादली सांडली."

सुपरवायझरनं माह्याकडं पाह्यलं, नळीकडं पाह्यलं, पुन्हा माह्याकडं पाह्यलं. मंग मले साऱ्यायच्या समोर असं झापलं का विचारू नका. ध्यान नहीं रहता, बहुत होशियार बनती है, एक दिन जीत क्या गई, सिर पर चढ़ गई. मी खाली मान घालून सारं ऐकलं. पहिल्यांदाच मी त्याले उलटून बोलली नाही. काकी माह्याकडं अशी पाहत होती जणू मले ताप आला हाय.

सुट्टी झाली. मी गेटापाशी ऑटोची वाट पाहत उभी होती. ऊन अजून होतं. नवरा गाडी ढकलत बाहेर आला आन माह्यापाशी थांबला. कितीक महिन्यायनं तो पोरीच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडानं बोलला.

"काहून खोटं बोलली? मी सांगतलं होतं का तुले मधात पडाले?"

"तुमच्यासाठी नाही बोलली. उगाच फुगू नका."

"मंग कोणासाठी?"

"ते लोकं हासले असते तुमच्यावर. मले पाहवलं नसतं."

त्यानं गाडी स्टँडवर लावली. माह्याकडं नीट पाह्यलं, रागानंच पाह्यलं.

"त्या दिवशी तं तूच पहिले हासली होती."

"हौ. हासली."

"मंग?"

ऑटो आला, थांबला, ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला आन तो निघून गेला. आम्ही दोघं तिथंच उभे होतो. शेवटी मी माही डब्याची थैली त्याच्या गाडीच्या हँडलले अडकवली.